बाळंतिणीच्या खोलीतल्या साड्या

"कोणाकडं आलात?" एवढं विचारून काका दोन्ही हात मागे बांधायचे आणि उत्तर मिळेपर्यंत दारातून हलायचे नाहीत. एखाद्या घराच्या दारात हे शोभलं असतं. पण आमचं दुकान होतं, आणि तेही पनवेलमधलं सगळ्यात महागडं.

दुकान नवं, इमारत मात्र जुनी. भाताची गिरणी असलेल्या एका शेठचा हा दुमजली बंगला. शेठ वारले, मुलं परदेशी स्थायिक झाली आणि बंद बंगल्याची राखण काकांनी केली. उरणकडचा उंच माणूस, मिशा भरघोस, आवाज मात्र मऊ. मुलांनी बंगला आमच्या कंपनीला भाड्याने दिला तेव्हा एकच अट घातली, काकांना कामावर ठेवायचं. मी तिथली मॅनेजर. बंगल्याबरोबर काका माझ्या हाताखाली आले की मी त्यांच्या, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

बंगल्याचं दुकान करायला मुंबईहून आर्किटेक्ट आला होता. जिन्याखालची भिंत पाडायचं ठरलं तेव्हा काकांनी त्याला बजावलं, आत पाण्याचा नळ आहे. आर्किटेक्टने नकाशा उलगडून दाखवला. नकाशात नळ नव्हता. भिंतीत होता. त्या दिवशी आर्किटेक्ट काकांचा सदरा घालून मुंबईला परतला.

शेवटी माजघरात घड्याळं आली, देवघरात अत्तरं, भाताच्या कोठीत ट्रायल रूम. काकांना शेरवानी आणि जरीचा फेटा मिळाला. दारात फक्त 'वेलकम' म्हणायचं, हे मी त्यांच्याकडून आठवडाभर घोकून घेतलं. पहिलं गिऱ्हाईक आलं. काका वाकून म्हणाले, "वेलकम. कोणाकडं आलात?"

साड्या कुठे आहेत, असं कुणी विचारलं तर ते सांगायचे, "बाळंतिणीच्या खोलीत." एका नवरीच्या आईला ते इतकं आवडलं की तिने तिथेच बसून सहा साड्या घेतल्या आणि शेठच्या घरातली बाळंतपणं काकांकडून ऐकून घेतली. त्यानंतर मी त्यांना सुधारायचं सोडून दिलं.

मग दिवाळीच्या आधी कंपनीचे मालक न कळवता आले. गाडीतून उतरून सरळ दारात. काकांनी नेहमीचं विचारलं.

"मी मालक आहे," ते म्हणाले.

"मालक वारले," काका म्हणाले. मग आवाज आणखी खाली आणून, "तुमाला कळवलं नाय का कुणी?"

मी धावत जाऊन ओळख करून दिली. मालक हसल्यासारखं करून आत आले आणि थबकले. मधल्या मखमली सोफ्यावर एक कातकरी बाई पाय वर घेऊन पाणी पीत बसली होती. कर्नाळ्याकडच्या वाडीवरून आलेली. बंगल्याचं काम चालू असताना या रंगीत फरशीवरचा वर्षानुवर्षांचा थर तिने दगडाने घासून काढला होता. तयार झालेली फरशी बघायला ती आली होती, आणि काकांनी तिला आत आणून बसवलं होतं. हे सगळं मला ठाऊक होतं. तिला पाणीसुद्धा मीच पाठवलं होतं.

मालकांनी मला विचारलं, ही कोण.

"मला माहीत नाही, सर," मी म्हणाले.

काकांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. "पाहुनी हाय," ते मालकांना म्हणाले. "तुमी उभे हाव ती फरशी हिनंच घासलीय."

मालकांनी नकळत पाय बाजूला घेतला. पण दुसऱ्या दिवसापासून काकांना मागच्या गोदामात खोकी लावायला पाठवण्याचा हुकूम आला. तो त्यांना मीच सांगितला. आठ दिवसांनी ते शेरवानी धुऊन, इस्त्री करून माझ्या टेबलावर ठेवून गेले. दाराला सेन्सर बसला. आता ते आपोआप उघडतं. कुत्रं जवळून गेलं तरी उघडतं.

गेल्या महिन्यात एका सहकाऱ्याच्या लग्नाला गेले. मंगल कार्यालयाच्या दारात भर दुपारी, आता तिथे कामाला असलेले काका वऱ्हाडाला आत घेत होते. मला पाहून ते जवळ आले. मी आडवळणाने सुरुवात केली, की काका, त्या दिवशी मी...

"वाळलात मॅडम," ते म्हणाले. "आधी जेवा."

रांग चुकवून, स्वयंपाकाच्या बाजूने त्यांनी मला पंगतीत नेलं. समोर उभं राहून भातावर तूप वाढायला लावलं, मग आणखी थोडं. मी पुन्हा बोलायला तोंड उघडलं तर वाढप्याला जिलबीची खूण केली. तेवढ्यात बाहेर वऱ्हाडाची आणखी एक बस आली आणि ते लगबगीने निघाले. एरवी टोपी नाहीतर फेटा असायचा, आज डोकं उघडं होतं. त्यांना पूर्ण टक्कल आहे, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. गर्दीच्या वर ते चमकत पुढे जात राहिलं, आणि लोक त्याला आपोआप वाट देत होते.