महादप्पा मिस्त्रींचे पाय

हे लिहायचं मी सहा वर्षं टाळत आलो. टाळायला कारणंही मिळत गेली. आधी मोतीबिंदू होता, मग त्याचं ऑपरेशन होतं, मग ऑपरेशननंतरची विश्रांती होती. आता डोळे इतके स्वच्छ झालेत की कारण सापडत नाही. तेव्हा सांगून टाकतो. ज्या चित्रामुळे लातुरात माझा सत्कार झाला, ज्याचं कॅलेंडर निघालं, ज्यासाठी लोक मला अजूनही भाजी घेताना थांबवतात, त्या चित्रात जे सगळ्यात चांगलं आहे ते माझं नाही. ते महादप्पा मिस्त्रींचं आहे. आणि ते समोर बसलेले असताना मी माइकवरून ते माझं म्हणून सांगितलं.

मिस्त्री आमच्या गल्लीत, आमच्यापासून तिसऱ्या घरात राहायचे. धंद्यानं गवंडी. कोणाच्याही घरात शिरले की आधी चपला काढायच्या, मग बोटांच्या पेरांनी भिंत तीनदा वाजवायची, कान द्यायचा आणि मगच नमस्कार करायचा. बसायचे ते दाराजवळच्या खुर्चीवर. भिंतीला पाठ टेकून बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, त्यांना सांगा दार उघडंच आहे, भिंत कशाला वाजवतात?"

मिस्त्री म्हणाले, "वैनी, दाराचं काय, ते बोलतंच. भिंत गप बसती, म्हणून तिला इचारावं लागतं."

त्यांचं गाव औसा तालुक्यातलं. भूकंपात ते भुईसपाट झालं आणि मिस्त्री बायकोमुलांना घेऊन लातूरला आले. पुढे लातुरात क्लासेसचं पेव फुटलं. गावोगावची मुलं डॉक्टर व्हायला इथे येऊ लागली आणि त्यांना राहायला मजल्यावर मजले चढू लागले. मिस्त्रींना कामाची ददात राहिली नाही. ते म्हणायचे, "पोरं रातंदिस पाठांतर करून राहिलीत अन् मी त्यांच्या डोक्यावर स्लॅब टाकून राहिलो. त्यांचा एक प्रश्न चुकला तर वर्ष जातं. माझा चुकला तर पोरगंच जातं."

मी मूळचा नांदेडचा, चित्रकलेचा शिक्षक. निवृत्त झाल्यावर याच क्लासेसनी मला पोसलं. जीवशास्त्राच्या नोट्ससाठी आकृत्या काढून देणं हे माझं काम. हृदय, मूत्रपिंड, फुलाचा उभा छेद आणि बेडूक. माझ्या हातून इतके बेडूक आडवे झाले की पावसाळ्यात अंगणात डराव ऐकू आलं की मला ओशाळल्यासारखं व्हायचं.

मग पुण्याला गेम बनवणाऱ्या कंपनीत काम करणाऱ्या माझ्या नातीनं, रेवतीनं, तिचा जुना पेन टॅबलेट मला दिला. पाटीवर प्लास्टिकची पेन्सिल फिरवायची आणि चित्र समोर कॉम्प्युटरवर उमटायचं. बेडकांनंतर हा मोक्षच होता. तिनंच एका स्पर्धेची माहिती पाठवली. एका काल्पनिक खेळासाठी पात्र रंगवायचं होतं, पुरातन नगरीच्या वेशीची राखण करणारी योद्धी. "आजोबा, एकट्यानं काढत बसू नका," ती फोनवर म्हणाली. "दर टप्प्यावर कोणाला तरी दाखवा. फीडबॅक घ्या."

मी निवृत्त शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चित्र टाकलं. सतरा जणांनी हात जोडले. नऊ जणांनी 'अप्रतिम सर' लिहिलं. एकानं वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. फीडबॅक संपला.

त्या सकाळी मिस्त्री आले, भिंत वाजवली, नमस्कार केला, पडद्याकडे पाहिलं आणि लगेच मान फिरवून तुळशीकडे बघू लागले.

"काय झालं, मिस्त्री?"

"गुर्जी, आधी बाईला कपडे घाला. मग सांगतो."

मी समजावलं की अशा खेळांत असंच असतं, हे चिलखत आहे. एवढ्यात आमची ही चहा घेऊन आली आणि तिनं निवांत पाहून घेतलं. "चिलखत खांद्यावर आहे, ढोपरावर आहे. पोटावर का नाही? बाण काय विचारून येतो?"

दोन दिवस खपून मी योद्धीला गळ्यापासून घोट्यापर्यंत झाकलं. मग मिस्त्री खुर्ची सरकवून बसले. चित्रात ती वेशीत उभी होती, दोन्ही हातांनी डोक्यावर एक प्रचंड शिळा तोलून. एक पाय गुडघ्यात वाकवून मागे उचललेला. मला ती ऐट फार आवडायची.

"ही नाच करून राहिली का?" मिस्त्रींनी विचारलं.

"लढतेय."

"येवढा धोंडा डोक्यावर घेऊन एका पायावर?" मग त्यांनी बोट पडद्यावर ठेवलं आणि शिळेपासून हळूहळू खाली आणलं. मनगट, कोपर, खांदा, कंबर. "वजन कुठं चाललं, गुर्जी?"

हा त्यांचा एकच प्रश्न होता. बिऱ्हाड बदलणाऱ्याच्या टेम्पोला, लग्नाच्या मांडवाला, माझ्या पुस्तकांच्या रॅकला, सगळ्याला हाच. वजन कुठं चाललं? ते जमिनीपर्यंत पोचतंय का मधेच कुठं अडतंय? माझ्या योद्धीचं वजन कमरेत येऊन हरवत होतं.

त्यानंतर दोन महिने मिस्त्री रोज सकाळी येत. रस्त्याच्या पलीकडे जाऊन खिडकीतून चित्र बघत आणि तिथून ओरडत, "हितनं बाई हाय का बाभूळ हाय कळंना!" मी तिच्या शिरस्त्राणाची शिंगं छाटायचो. मी आधी डोळे बारकाईनं रंगवत बसलो तर म्हणत, "जोतं न्हाई बांधलं अन् पडदे लावून राहिलात व्हय?" मी डोळे पुसायचो. एकदा मी वैतागून म्हटलं, "मिस्त्री, ही कल्पनेतली बाई आहे."

"बाई असंल कल्पनेतली. धोंडा तर दगडाचाच हाय ना?"

शेवटी पायांवर गाडी अडली. मी दहा प्रकारे पाय काढले, त्यांनी दहाही पाडले. मग ते स्वतःच उठले, धोतराचा काचा वर खोचला, आमच्या मधल्या दाराच्या चौकटीत गेले आणि दोन्ही तळवे वरच्या पट्टीला लावून उभे राहिले. पाय रुंद. डावा गुडघा किंचित वाकलेला. उजवी टाच आत वळलेली, जणू जमिनीत रुतवलेली. मी मोबाइलवर भराभर फोटो काढले. साठी उलटलेला तो बुटका माणूस एकाएकी घराचा खांब दिसायला लागला.

तेवढ्यात ही चहा घेऊन आली आणि हसून म्हणाली, "काय हो मिस्त्री, दार पडतंय का आमचं?"

मिस्त्री हसले नाहीत. हात खाली घेत म्हणाले, "एकदा पडलं व्हतं, वैनी." आणि चहा न घेता गेले.

पुढे त्यांनीच सांगितलं, आपण होऊन, चित्राकडे बघत. भूकंपाच्या पहाटे त्यांच्या घराची चौकट वरून बसू लागली तेव्हा त्यांनी ती अशीच धरली होती. बायको आणि दोन मुलं त्यांच्या पायांमधून सरपटत बाहेर पडली. आई आतच राहिली. "भिंत मीच बांधलेली व्हती, गुर्जी. दोन हात रुंद. आतनं देखणी, बाहेरनं देखणी, मधी नुसती माती अन् खडे. दोन्ही बाजूंना धरून ठेवणारा आरपार लांब दगड पाहिजे असतो. तसला दगड घडवायला येळ लागतो, म्हणून आमी टाकत नव्हतो."

भूकंपानंतर त्यांनी काय केलं, तर आपण बांधलेलं जे जे घर उभं होतं, तिथे तिथे ते गेले. दारात उभं राहून सांगायचे, "ही भिंत मी बांधली. हिच्यात आरपार दगड न्हाई. चूक माझी हाय, मी बसवून देतो." मुरुडच्या एका मालकाला वाटलं हा काम मिळवायला घाबरवतोय. त्यानं कुत्रं सोडलं. मिस्त्री दुसऱ्या आठवड्यात पुन्हा गेले. "कुत्र्यासाठी भाकर घेऊन गेलो," ते म्हणाले, "मालक लई नंतर वळखीचा झाला."

मी ते पाय जसेच्या तसे काढले. आत वळलेल्या टाचेसकट. चित्र पाठवलं आणि पहिलं आलं. परीक्षकांनी लिहिलं होतं की बाकीच्या योद्धी लढायला उभ्या आहेत, ही एकटीच उभी राहायला उभी आहे.

लातुरात कोणी कशातही पहिलं आलं की क्लासवाले ते आपलं समजतात. मी ज्यांना बेडूक पुरवायचो त्या संचालकांनी चौकात फ्लेक्स लावला. 'आमचे यश' या मथळ्याखाली यंदाच्या गुणवंतांच्या ओळीत, चष्मा लावलेल्या दोन मुलींच्या मधोमध, बाहत्तर वर्षांचा मी. नांदेडहून आलेल्या एका पालकानं ऑफिसात चौकशीही केली म्हणे की हे कोणत्या बॅचला होते.

सत्कार क्लासच्याच हॉलमध्ये झाला. तीनशे मुलं, शाल, नारळ. मिस्त्रींना मी आग्रहानं बोलावलं होतं. धुतलेलं धोतर, इस्त्रीचा सदरा, दाराजवळची शेवटची खुर्ची. जाताना मी मनात ठरवलं होतं की त्यांना स्टेजवर बोलवायचं, अर्धी शाल त्यांच्या खांद्यावर टाकायची. खरंच ठरवलं होतं.

संचालकांनी माइकवरून विचारलं, "सर, मुलांना सांगा, ही उभं राहण्याची पद्धत, ही टाच, हे कुठून सुचलं?"

तीनशे मुलं वह्या उघडून बसली होती. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि माझ्या तोंडून निघालं, "साधनेतून."

मुलांनी लिहून घेतलं.

तिथे थांबलो असतो तरी बरं होतं. टाळ्या पडल्या आणि मी सैल सुटलो. म्हणालो, "लोकांचा फीडबॅकही घ्यावा, पण जपून. आमचे एक शेजारी आहेत, गवंडी. ते रस्त्यावरून ओरडले, ही बाई आहे का बाभूळ!" हॉल कोसळला हसून. मी दाराकडे पाहिलं. मिस्त्रीही हसत होते. हसता हसता ते वर छताकडे बघू लागले.

बाहेर आल्यावर मला म्हणाले, "कारेक्रम झकास झाला. पर गुर्जी, येवढी पोरं अन् हॉलला दार एकच हाय. त्यांना सांगा."

मला वाटलं, त्यांनी मनावर घेतलं नाही. आठ दिवसांनी ते आले. भिंत वाजवली, नमस्कार केला, खुर्चीवर बसले. मी नव्या चित्रातला राक्षस दाखवला. त्याचा एक हात दुसऱ्यापेक्षा वीतभर लांब झाला होता, ते मलाही दिसत होतं.

मिस्त्री म्हणाले, "छान हाय, गुर्जी."

मी दुसरं दाखवलं. तेही छान होतं. तिसरंही. त्या दिवसापासून माझं सगळंच छान होत गेलं. मी मुद्दाम तीन पायांचा घोडा काढून ठेवला. मिस्त्रींनी चहा संपवला, घोड्याकडे बघितलं आणि म्हणाले, "झकास." ते गेल्यावर आमची ही म्हणाली, "तुम्ही त्यांची माफी मागा. नाहीतर असेच घोडे काढत मराल."

मी चारदा गेलो मागायला. एकदा त्यांच्याकडे पाहुणे होते. एकदा मीच हवापाण्यावर बोलून परतलो. एकदा "मिस्त्री, त्या दिवशी हॉलमध्ये..." इथपर्यंत पोचलो, तर ते म्हणाले, "खुर्ची जरा सरकवा गुर्जी, वर पंख्याचा हुक ढिला हाय." आणि मग आम्ही दोघांनी तासभर हुक बघितला. चौथ्यांदा ते कामावर गेले होते. त्याच आठवड्यात एका कंपाउंडच्या भिंतीचं काम बघता बघता ते खाली बसले, ते उठलेच नाहीत.

त्यांच्या समाजात गेलेल्या माणसाला बसवून नेतात. मी गेलो तेव्हा मिस्त्रींना ओसरीवर बसवलं होतं, कपाळाला विभूती, गळ्यात हार. पाठ भिंतीला टेकलेली. ती भिंत कोणी वाजवून पाहिली होती का, असं माझ्या मनात आलं, आणि मला तिथे उभं राहवेना.

महिन्याभरानं पुन्हा गेलो. घरात क्लासनं छापलेलं माझ्या चित्राचं कॅलेंडर लावलेलं होतं, खाली माझं नाव मोठ्या अक्षरात. त्यांची पत्नी गंगाबाई त्याच्याकडे बघत म्हणाली, "ह्यांचे पाय लई नीट काढलेत तुमी, गुर्जी."

मी गडबडलो. "मिस्त्रींनी सांगितलं तुम्हांला?"

"न्हाई. ते कशाला सांगतेत?" ती म्हणाली. "त्या पायांखालनं मी बाहेर आले. मला वळखू येत न्हाई व्हय?"

तेव्हा तरी बोलायचं होतं. मी म्हणालो, "चहा नको, येतो मी."

घरी येऊन लिहायला बसलो. पहिल्या कागदावर लिहिलं की त्या दिवशी संचालकांनी अचानक विचारलं. दुसऱ्यावर लिहिलं की समोर तीनशे मुलं होती, माझी अवस्था समजून घ्यावी. तिसऱ्यावर माझं वय आलं, टाळ्यांचा आवाज आला, नांदेडचं बालपणसुद्धा आलं. प्रत्येक कागद वाचताना पडद्यावरून खाली सरकणारं ते बोट दिसायचं. वजन कुठं चाललं, गुर्जी? संचालकांवर, मुलांवर, वयावर. मी जिथे उभा होतो तिथपर्यंत ते पोचतच नव्हतं.

असे बरेच कागद झाले. आता एवढंच उरलंय.

मिस्त्री, पाय तुमचे होते. मी खोटं बोललो. चूक माझी आहे.