मनोहर फिटरचं तेल

पांढुर्ण्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मनोहर फिटर होता. कुरकुरणाऱ्या मशीनला तेल पाजलं की ती सुधरते, हा त्याचा तीस वर्षांचा अनुभव. सत्त्याऐंशी साली त्याची बायको यमुना भाजीत दोनदा मीठ टाकू लागली, रामाकोन्याला माहेरी जायची वाट विसरली, तेव्हा त्याला वाटलं, हिचं डोकं कोरडं पडलं. रोज सकाळी तो तिला ओट्यावर बसवी आणि टाळूवर कोमट तेल खसाखसा जिरवी. जिरवता जिरवता आज वार कोणता, ते विचारी. चुकली की खेकसे, "मुद्दाम करून राहिली का तू?"

वर्षभरानं नागपूरच्या डॉक्टरांनी वेगळंच सांगितलं. मेंदूत चरबीची ने-आण चालते, झाडलोट करणाऱ्या पेशीही असतात. विसरण्याच्या या आजारात अशा पेशींतच चरबी साचलेली जुन्या डॉक्टरांना दिसली होती. ती का साचते, ते अजून कोणाला कळलेलं नाही. "वरून लावलेलं तेल तिथं पोचत नाही," ते म्हणाले. "आणि त्या मुद्दाम काहीच करत नाहीत."

संध्याकाळच्या गाडीनं दोघं पांढुर्ण्याला परतले.

दुसऱ्या सकाळी त्यानं तरीही तेलाची वाटी घेतली. त्याला दुसरं काही येतच नव्हतं. फक्त बोटं हळू फिरवली आणि वार विचारला नाही.

यमुनेनं डोळे मिटले. "भाऊ, तुमचा हात मऊ आहे," ती म्हणाली. "पण आता जा तुम्ही. आमचे घरधनी येतीन. ते मले रोज रागावतात."