रंग न कळणाऱ्या पोराचे तारे

राहुरीजवळच्या त्या गावात मनकर्णाबाईंचा अजिनाथ लहानपणी एकाच गोष्टीसाठी ओळखला जायचा. टोमॅटो तोडायला लावला की पिकल्याबरोबर कच्चेही क्रेटमध्ये टाकायचा. लाल आणि हिरवा त्याला सारखाच दिसे. हे कळायला डोळ्यांचा डॉक्टर लागला, तोवर पोरगं वेंधळं ठरून मोकळं झालं होतं. चुलते बिभीषणतात्या तर त्याला 'कच्चा माल' म्हणत. मनकर्णाबाई त्याचं क्रेट गुपचूप निवडून ठेवत आणि मनातल्या मनात दिराचा उद्धार करत.

हाच पोरगा पुढे पुण्यात ताऱ्यांच्या जन्माचा अभ्यास करू लागला. अधूनमधून मोबाईलवर चित्रं पाठवायचा. "आई, तारे उठून दिसत्यात का?"

"लाल लई झालाय. जरा निळं घाल," फोडणी देता देता बाई सांगत. कशाला विचारतोस, असं त्यांनी कधी विचारलं नाही.

यंदा गावच्या शाळेनं त्याला ताऱ्यांवर बोलायला बोलावलं, तेव्हा बाई मागच्या रांगेत जाऊन बसल्या. पहिल्याच रांगेत बिभीषणतात्या बसले होते. पोराचं पुन्हा हसं झालं तर?

अजिनाथनं पडद्यावर साध्या उजेडातलं आभाळ दाखवलं. मधोमध नुसता काळा डाग. ती धूळ होती. मग तोच डाग डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड उजेडात दाखवला, तर आत नवजात तारे खच्चून भरलेले! रेडिओ लहरींत तर तारे ज्यातून घडतात तो थंड वायूही दिसला. पोरं ओरडलीच.

तात्या उठले. "आरं, तुला टोमॅटो कळत न्हवता. ह्यातलं लाल-हिरवं कसं वळखतो?"

सगळे हसले. हातातली पिशवी फेकून मारावी, असं बाईंना वाटलं.

अजिनाथही हसला. "तात्या, हा उजेड तुमालाबी दिसत न्हाई. हितं आपुन समदे सारखेच. दुर्बिनीतून नुसते आकडे येत्यात, रंग मागनं भरायचे."

"मग भरले कुनी?"

"आईनं सांगितलं तसे मी भरले. परदेशातल्या परिषदेत हेच चित्र लावलं हुतं." त्यानं कोपऱ्यातली अक्षरं मोठी केली. रंगांची निवड: मनकर्णाबाई.

तात्यांनी चष्मा लावून वाचलं आणि मागे वळून पाहिलं. बाईंचा ऊर अभिमानानं भरून आला होता, पण आवाज खणखणीत निघाला.

"खाली अजून लाल जास्त हाय," त्या भरसभेत म्हणाल्या. "नीट कर."