उन्हात ठेवलेला तंबोरा

सासूबाईंच्या तंबोऱ्यावर मी बसले, तेव्हा तो तंबोरा आहे हे मला ठाऊक नव्हतं. (चादरीखाली होता हो, मला लोड वाटला!) भोपळा फुटला आणि निपाणीच्या भजनस्पर्धेला उरले आठ दिवस.

सासूबाईंचं मंडळ तीन वर्षं पहिलं आलेलं. मी म्हटलं, "आत्याबाई, मी विजेचा तंबोरा करते की!" लग्नाआधी बेळगावात माझ्या भावाच्या, अण्णाच्या, रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात मी सगळं शिकले होते. बारा वर्षांनी ट्रंकेतनं सोल्डरगन काढली.

"सूर हलला, तर तुजी ती गन आडात टाकीन!" सासूबाई म्हणाल्या.

दोन ट्रान्झिस्टर, एक स्पीकर, बिस्किटांचा पत्र्याचा डबा. (आठवडाभर आमटी करपली, ते सोडा.) डबा असा गोड घुमला की सासूबाई चक्क हसल्या!

स्पर्धा तंबाखूच्या वखारीत, एप्रिलातल्या भर दुपारी. माझी करामत सगळ्यांना दिसावी म्हणून डबा मी ऐटीत खिडकीत ठेवला, उन्हात. ट्रान्झिस्टर तापला की सूर वर सरकतो, हे अण्णानं बजावलं होतं. मला आठवलं कधी? दुसऱ्या अभंगाला!

"आक्का, लई वर चाललंय गं!" टाळवाली कमळा कुजबुजली.

"गप!" सासूबाई खेकसल्या. "तंबोरा चुकत न्हाय, मानूस चुकतंय. सूर धरा!"

धरला. डबा वर, बायका वर! तिसऱ्या अभंगाला मानेच्या शिरा फुगल्या, चौथ्याला नुसत्या शिट्ट्या. मी खिडकीकडं सरकले.

"बस खाली!" सासूबाई डोळे वटारून किंचाळल्या. (तेही सुरातच!)

परीक्षकांनी पेन टाकून कानांवर हात ठेवले. शेवटी सासूबाईंचं तोंड उघडं, आवाज गायब, आणि माझा डबा एकटाच गातोय!

आलो शेवटून पहिले.

घरी येऊन सासूबाईंनी आधी सोल्डरगनकडं बोट केलं, मग आडाकडं. घशातनं चकार शब्द फुटेना.

"पाणी पायजे व्हय, आत्याबाई?" मी भोळेपणानं विचारलं.

पुढं तीन दिवस घर कसं चिडीचूप. चौथ्या दिवशी मामंजी हळूच स्वयंपाकघरात आले. "सूनबाई, लई गुणाचा डबा केलाईस बघ. मोडू नगोस."

मी फुलून गेले! अण्णाचं दुकान, ट्रान्झिस्टर, ऊन, सगळं रंगवून सांगत सुटले. अर्धा तास झाला असेल.

मामंजींनी शांतपणे डबा उचलला, नेऊन उन्हात ठेवला आणि म्हणाले, "आता जरा तू गा."