टाचणातला भागाकार

‘भागाकार शिकवला. अठरा मुलांना आला, चोवीस जणांना नाही. मी घाई केली. उद्या पुन्हा घेणार.’

टाचणवहीतला हा मजकूर वाचून मी सहीसाठी उघडलेलं पेन बंद केलं. पर्यवेक्षक म्हणून एकवीस वर्षं वह्या तपासल्या, पण स्वतःची चूक कबूल करणारं टाचण पहिल्यांदाच बघत होतो.

टाचण म्हणजे उद्या काय शिकवणार, याची आदल्या दिवशी लिहायची टिपणं. शेवटी एक रकाना असतो : मुलांना काय आलं. आमच्याकडे तोही आदल्या दिवशीच भरतात. बरेच जण रविवारी जेवण झाल्यावर अख्ख्या आठवड्याचा उरकून टाकतात. मीही तेच करत आलो होतो.

वही निर्मला मॅडमची. जन्म, शिक्षण, बी.एड. सगळं मॉरिशसचं, तिथे नऊ वर्षं गणित शिकवलेलं. सासर पंचवटीतलं, म्हणून नाशिकला आल्या. परदेशी पदवी बघून दोन शाळांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं होतं. आमच्याकडे प्रोबेशनवर होत्या. पंधरा दिवसांनी शिक्षणाधिकारी साहेबांची तपासणी होती. त्यानंतर कायम करायचं की नारळ द्यायचा, ते ठरणार होतं.

मी वही मुख्याध्यापिका बाईंना दाखवली. त्यांनी कपाळाला हात लावला.

“सर, ही साहेबांच्या हातात पडली तर आपलं काही खरं नाही. समजवा त्यांना. नाहीतर मी ठेवू शकणार नाही.”

मी मॅडमना बोलावलं.

“शेवटच्या रकान्यात ‘सर्व विद्यार्थ्यांना संकल्पना स्पष्ट झाली’ असं लिहायचं.”

“पण झाली नाही, सर.”

“तरी लिहायचं.”

“आणि तेही आदल्या दिवशी?”

“हो.”

“मग दुसऱ्या दिवशी वर्गात कशाला जायचं?”

प्रश्न रास्त होता, म्हणूनच मला राग आला. मी माझी जुनी टाचणवही नमुना म्हणून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती दोन दिवस घरी नेली. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर आणून ठेवली.

तपासणीला साहेब आले. वर्गात पाऊल टाकलं नाही. ऑफिसात बसून चिवडा खात वह्या चाळल्या. मॅडमच्या वहीवर शेरा मारला : ‘आदर्श टाचण.’ मॅडम कायम झाल्या.

साहेब गेल्यावर मी ती वही उघडली. बुधवारच्या रकान्यात लिहिलं होतं : ‘सर्व विद्यार्थ्यांनी उत्साहाने सहभाग घेतला.’ त्या बुधवारी मॅडम तापाने घरी होत्या. त्यांच्या वर्गावर मीच बसलो होतो आणि मुलांना शुद्धलेखन घातलं होतं. नोंदीखाली माझीच सही होती.

पूर्वी मॅडम मधल्या सुट्टीत त्या चोवीस जणांना घेऊन बसायच्या. तपासणीनंतर एकदा व्हरांड्यात एक मुलगी त्यांना विचारताना ऐकली, “मॅडम, आता सुट्टीत भागाकार नाय का घ्यायचा?”

“पोर्शन पुढे गेलाय, बाळा,” मॅडम म्हणाल्या.

मला फार वाईट वाटलं. पण बोलणार कोणत्या तोंडाने?

वर्षअखेरीस पर्यवेक्षकालाही अहवाल भरावा लागतो. मी लिहिलं : ‘नवीन शिक्षिकेला शाळेची कार्यपद्धती शिकवली. पूर्णपणे अवगत झाली.’ एकवीस वर्षांतली माझी तेवढी एकच नोंद शब्दशः खरी आहे.