खंडेनवमीला अक्षरांचा टीव्ही

माझ्या साडूच्या घरी बातम्या बघायच्या झाल्या, तर आधी त्याला स्वतःच्याच यंत्राला स्वतःचं नाव सांगावं लागतं. मग गुप्त शब्द. मग इंग्रजीतली एक लांबलचक ओळ, जी एका टिंबाने चुकली तरी यंत्र त्याला तोंडावर नाही म्हणतं. आपण रिमोटचं बटण दाबून, बातम्या ऐकून, सरकारला शिव्या घालून जेवायला उठतो, तेव्हा साडू अजून चष्मा पुसत ते टिंब शोधत असतो.

मोहोपाड्याच्या कारखाना कॉलनीत तो तळमजल्यावर राहतो. कारखान्यात कंट्रोल रूमला आहे. कुठल्या टाकीत किती ताप, कुठल्या नळीत किती दाब, हे दिवसभर पडद्यावर बघायचं. या कामाने त्याच्या डोक्यात असं भरवलं की माणसांत दोन जाती असतात, यंत्राला हुकूम देणारे आणि नुसती बटणं दाबणारे. दुसऱ्या जातीत त्याने मला माझ्या तोंडावर घातलेलं आहे. शिळफाट्याला माझं स्टेशनरीचं दुकान आहे. मी पेनं विकतो, म्हणजे यंत्राशी माझा संबंध कॅल्क्युलेटरपुरता.

घरातला चांगला चालता टीव्ही त्याने चौक गावच्या एका ढाबेवाल्याला देऊन टाकला. तो तिथे आजही झकास चालतो. मी मिसळ खाता खाता त्यावर सामना बघतो आणि साडूला आवर्जून कळवतो.

टीव्हीच्या जागी आला एक जुना कॉम्प्युटर. कारखान्याच्या ऑफिसने मोडीत काढलेला. त्यातली चित्रं, खिडक्या, बाण, सगळं साडूने खरवडून काढलं. माउस तर त्याने शेजारच्या पोराला खेळायला दिला. ‘‘माउस म्हणजे लहान मुलांचा पांगुळगाडा,’’ तो म्हणाला. उरला काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं आणि एक लुकलुकणारी रेघ. गच्चीवरच्या छत्रीची वायर त्याने या डब्याच्या पोटात घातली आणि जाहीर केलं की आता याच्यावर टीव्ही दिसेल.

दिसला. म्हणजे काय दिसलं ते सांगतो. बातम्या वाचणाऱ्या बाईचं तोंड इंग्रजी अक्षरांचं बनलेलं होतं. केसांच्या जागी दाट अक्षरं, गालांच्या जागी विरळ, डोळ्यांच्या जागी दोन शून्यं. ती बोलायला लागली की हनुवटीत अक्षरांची चेंगराचेंगरी व्हायची. जवळून बघाल तर परीक्षेचा फुटलेला पेपर. दारापर्यंत मागे जाऊन, डोळे बारीक करून, मान कलती केली, की मग माणूस आहे की मोसंबी, एवढा निकाल लागायचा.

‘‘डोक्याला ताण नाही, यंत्राला भार नाही,’’ साडू म्हणाला.

‘‘आणि बघणाऱ्याला?’’

‘‘तुम्हाला नाही कळणार, साडू. हा टीव्ही नाहीच. टीव्ही म्हणजे खोका. हे यंत्र आहे. हत्यार आहे हत्यार.’’

हे वाक्य त्याने मला ऐकवलं, शेजाऱ्यांना ऐकवलं, गॅसवाल्याला थांबवून ऐकवलं. सर्वांत जास्त ऐकवलं स्वतःच्या आईला. म्हातारी बारीक चणीची, कानाने तिखट. खालापूरकडच्या भातशेतीच्या गावातून मुलाकडे राहायला आलेली. तिने ते वाक्य पदराला गाठ मारून ठेवलं, आणि सोडलं ते बरोबर खंडेनवमीला.

चारपाच वर्षं झाली असतील. साडूची मुलगी कबड्डी खेळते. पोर अंगाने काटकुळी, पण चढाईला गेली की समोरच्यांना आपले हात कुठे ठेवले तेच आठवत नाही. त्या वर्षी तिचा संघ राज्याच्या अंतिम सामन्याला पोचला आणि सामना टीव्हीवर दाखवणार होते. दुपारी, नेमकं खंडेनवमीच्या दिवशी. माझी बायको आणि तिची बहीण पोरीबरोबर गेल्या होत्या. साडूला रजा अर्धीच मिळाली, त्यामुळे तो जाऊ शकला नाही. निघताना पोरीने त्याला दारात बजावलं होतं, ‘‘पप्पा, मला बघायचं हां. तुमच्या त्या ए-बी-सी-डीत नाही. नीट बघायचं.’’

‘‘बघतो की. ठरलं,’’ साडूने शब्द दिला. पोरीने त्याआधीचे सामनेही खेळले होते आणि बाप दर वेळी ड्यूटीवर होता. या खेपेला चुकलं असतं तर ती काही बोलली नसती, आणि तेच साडूला नको होतं.

दरवर्षी खंडेनवमीला दुकानातल्या कात्र्या-कटरांना हळदकुंकू लावून मी साडूकडे जेवायला जातो. त्या दिवशीही गेलो. देवासमोर चौरंगावर विळी, कोयती, साडूचे पाने-पक्कड मांडलेले. आणि मधोमध, झेंडूची माळ घातलेला, पडद्यावर कुंकवाचा टिळा लावलेला कॉम्प्युटर. खाली कीबोर्ड. त्यावर हळद, कुंकू, मूठभर अक्षता, आणि म्हातारीने सढळ हाताने शिंपडलेलं पंचामृत.

‘‘यंत्र आहे ना,’’ साडू छाती काढून म्हणाला. ‘‘मानानं मधे ठेवलंय.’’

मी पोटभर पुरणपोळी खाल्ली. गंमत पुढे आहे हे माझ्या पोटाला कळलं होतं.

सामन्याची वेळ आली तसा साडू चौरंगाकडे सरकला. म्हातारी आडवी आली.

‘‘कुटं चाललास रं?’’

‘‘मॅच लावतो आई.’’

‘‘आज नाय हात लावायचा. पुजलेलं हत्यार उद्या उतरपूजा होईस्तवर चालवत नाय. मी इळी घेतली का हातात? भाजी हातानं मोडली सकाळी.’’

‘‘अगं पण आई, पोरीची मॅच आहे!’’

‘‘तं टीवीवर बघ.’’

‘‘आपल्याकडे टीव्ही कुठे आहे?’’

‘‘त्येच इचारते मी,’’ म्हातारी म्हणाली. ‘‘तूच बोलतोस ना, ह्यो टीवी नाय, हत्यार हाय?’’

साडूने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. पंखा फारच सुरेख फिरत होता.

‘‘तसं नाही आई. बोलायची पद्धत असते. तो... टीव्हीच आहे तसा.’’

‘‘काय म्हणालात?’’ मी कानाला हात लावला. ‘‘पुरणपोळीने कान भरलेत माझे.’’

‘‘टीव्ही आहे म्हटलं!’’

‘‘कोण, हा? याला तुम्ही खोका म्हणताय?’’

‘‘खोका आहे!’’ साडू ओरडला. ‘‘खोका आहे, टीव्ही आहे, झालं समाधान?’’

माझं झालं. इतकी वर्षं मी बटणदाब्या म्हणवून घेतलं त्याची भरपाई एका दमात झाली. म्हातारीचं मात्र व्हायचं होतं. ‘‘टीवी हाय तं दाखव लावून,’’ ती म्हणाली. ‘‘आमी बघतो, टीवी हाय का हत्यार.’’

साडूने माळ बाजूला केली आणि यंत्र चालू केलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावली आणि थांबली.

‘‘काय बोलतंय त्ये?’’

‘‘नाव विचारतंय, आजी,’’ मी सांगितलं.

‘‘कुनाचं?’’

‘‘याचं.’’

‘‘सोताच्या घरात? टीवी कदी नाव इचारतो का रं कुनाला?’’

साडूने नाव टाकलं आणि एंटर दाबला. एंटरचं बटण खाली गेलं आणि वर आलंच नाही. पंचामृतातला मध, वर कुंकू, आणि फटीत बसलेला अक्षतेचा दाणा. यंत्राला वाटलं हा एंटर दाबतोच आहे. त्याने गुप्त शब्द विचारला आणि उत्तर कोरंच मिळालं असं धरून नाकारला. पुन्हा नाव, पुन्हा शब्द, पुन्हा नकार. नकारांच्या ओळी अशा वर चढत गेल्या की त्या टिळ्याच्या मागून अंगात आल्यासारखं दिसायला लागलं. साध्या टीव्हीवर आख्खी पंचामृताची वाटी ओतली असती तरी सामना लागला असता. इथे साखरेच्या पाकासारखा मध एका बटणाखाली गेला आणि राज्याचा अंतिम सामना बंद.

शेजारून शिट्टीचा आवाज आला. शेजारच्या काकूंकडे सामना सुरू झाला होता.

‘‘मी जाते बाय. माझी नात खेळते,’’ म्हातारी म्हणाली आणि चपला घालून गेलीसुद्धा. जाता जाता केसांतला आकडा काढून मुलाच्या हातात दिला. ‘‘ह्ये घे. खरवड.’’

‘‘साडूभाऊ, चला शेजारी,’’ मी म्हटलं.

‘‘दोन मिनिटांचं काम आहे. तुम्ही व्हा पुढे.’’

शेजारच्या काकूंना त्याने मागे एकदा समजावून सांगितलं होतं की त्यांचा मोठा टीव्ही म्हणजे बिनडोक माणसांचं खेळणं आहे. त्यांच्या हॉलमध्ये बसून. त्यांनी केलेला चहा पीत. आता त्याच हॉलमध्ये कुठल्या तोंडाने जायचं? मोबाइलवर बघावं तर तेव्हा कॉलनीत साधा फोन लावायलासुद्धा पाण्याच्या टाकीपर्यंत चालावं लागे.

दोन्ही घरांच्या मध्ये कमरेएवढी भिंत आहे. मी तिच्यावर चढून बसलो. डाव्या खिडकीतून काकूंचा टीव्ही, उजव्या खिडकीतून केसांचा आकडा घेऊन कीबोर्डावर ओणवा झालेला साडू. असं डबल थिएटर मला जन्मात मिळालं नव्हतं.

‘‘काय चाललंय?’’ उजवीकडून आवाज आला.

‘‘तुम्हाला चित्र लागत नाही ना? शब्दांत सांगतो, ऐका,’’ मी म्हटलं आणि गळा मोकळा केला. ‘‘पोर चढाईला गेली! डावीकडून आत, एक पाय पुढे, लाथ मारली, लागली, परत! एक गुण! समोरच्या पोरींची तोंडं अशी झालीयेत, की तुमच्या यंत्रालासुद्धा अक्षरं सापडायची नाहीत!’’

‘‘आणि?’’

‘‘आणि तिने केसांची पिन तोंडात धरलीय. तुमच्यासारखीच. दोघं बापलेक पिन घेऊनच कामाला लागलेत.’’

साडू हसला की रडला ते मला कळलं नाही. आकडा तुटल्याचा आवाज तेवढा ऐकू आला.

मी सांगत राहिलो. पकड झाली, पोर बाद होऊन बाहेर बसली, मग परत आत आली. साडू ‘‘हं, हं’’ करत राहिला. त्याला वाटत होतं असंही निभेल. अक्षरांतून टीव्ही बघायची सवयच त्याला. पोरीला सांगता येईल, बघितलं म्हणून. ते ‘‘हं, हं’’ ऐकून मला त्याचा जो राग आला, तो त्याच्या सगळ्या काळ्या पडद्यांनी मिळून कधी आला नव्हता.

शेवटची चढाई आली. चार गुण कमी, आणि चढाईला हीच. काकू उठून उभ्या राहिल्या. म्हातारीने पदर तोंडात धरला.

आणि मी तोंड मिटलं.

‘‘काय झालं?’’ उजवीकडून.

मी काकूंच्या टीव्हीवर डोळे रोवले.

‘‘साडू! गेली का चढाईला? काय झालं? अहो बोला ना!’’

मी भिंतीवरचं शेवाळ नखाने उकरत बसलो.

काहीतरी हिसडल्याचा आवाज झाला, पाठोपाठ खुर्ची पडली, आणि साडू अनवाणी बाहेर आला. भिंतीवरून त्याने ढेंग टाकली ती माझ्या मांडीवर पाय देऊन. मुद्दाम दिला, अजूनही माझं मत आहे. काकूंच्या खिडकीचे गज त्याने एका हाताने धरले. दुसऱ्या काखेत कीबोर्ड होता, वायर मातीत लोळत होती.

टीव्हीवर पोर एकटीच उभी होती. दोघींना शिवली आणि तिसरीने पाय धरला. मग चौथी अंगावर पडली. त्या ढिगातून एक हात बाहेर आला आणि मधल्या रेघेकडे सरकायला लागला. कॅमेरा जवळ गेला. मातीने भरलेलं तोंड, मिटलेले डोळे, दातात ओठ. बोटं रेघेवर टेकली आणि शिट्टी झाली.

काकूंच्या हॉलमध्ये एकच आरडाओरडा झाला. साडू गज धरून उभा होता. कुंकवाच्या बोटांनी डोळे पुसल्यामुळे त्याचं तोंड लालभडक झालं होतं.

‘‘भाऊ, चढाई तुम्हीच मारून आलात की काय?’’ काकू म्हणाल्या. ‘‘आत या. ते खेळणं काखेतलं ठेवा खाली.’’

तो आत गेला. सामना बरोबरीत सुटून पुढच्या चढायांमध्ये पोरींनी घालवला, तोही त्याने त्या बिनडोक खेळण्यावर, सोफ्याच्या कडेवर बसून, शेवटपर्यंत बघितला.

संध्याकाळी काकूंच्या घरच्या लँडलाइनवर पोरीचा फोन आला. रडून घसा बसलेला होता. म्हातारीने आधी तिला हरल्याबद्दल चांगलं झापलं, मग दृष्ट काढल्यासारखी बोटं मोडली आणि फोन मुलाकडे दिला.

‘‘पप्पा, बघितलंत?’’

‘‘शेवटचं बघितलं.’’

‘‘आणि आधीचं?’’

साडूने माझ्याकडे एक जळजळीत कटाक्ष टाकला. ‘‘आधीचं तुझ्या काकांनी भिंतीवर बसून बोंबलून सांगितलं.’’

‘‘शेवटचं कशावर? त्या ए-बी-सी-डीत?’’

एरवी हा गृहस्थ घरातसुद्धा ऑफिसात बोलावं तसं बोलतो. त्या दिवशी आईसारखं बोलला.

‘‘नाय गं,’’ तो म्हणाला. ‘‘तोंड दिसलं तुझं.’’

दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा झाली. कीबोर्ड गच्चीवर पापडांशेजारी वाळवला होता. दुपारी मी दुकानात असताना साडूचा फोन आला. पाण्याच्या टाकीजवळून बोलत असणार, वारा ऐकू येत होता.

‘‘चाललं, साडू! एकदम क्लिअर!’’

‘‘काय लागलंय?’’

‘‘बातम्या.’’

‘‘कोण वाचतंय, बाई की बुवा?’’



‘‘घरी जाऊन दारातून बघून सांगतो,’’ तो म्हणाला.