खाल्लेलं अंगी लागेना

रिपोर्ट वाचून डॉक्टरबाईंनी चष्मा काढला आणि सांगितलं, पॅन्क्रियाजचा कॅन्सर आहे, लिव्हरपर्यंत पसरलाय. पॅन्क्रियाज म्हणजे स्वादुपिंड, ते जठराच्या मागे असतं. ऑपरेशन होण्यासारखं नव्हतं. माझे यजमान माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हणून पाठ दुखत होती तर."

आम्ही उत्तरेत राहायचो, हे रामघाटाजवळच्या पाठशाळेत वेद शिकवायचे. अंगानं भरलेले, जेवायची आवड. निदानाच्या कितीतरी आधीपासून वजन उतरत होतं. "बरं झालं, पोट कमी झालं," असं मीच म्हणत होते. ते आजही मला डाचतं.

केमो सुरू झाली. गाल बसले, दंडाची कातडी लोंबली. मग बैठकीची चरबी गेली. पाटावर बसलं की हाडं टोचायची, त्यामुळे शिकवणं सुटलं. मी गोधडी दुमडून जाड गादी शिवली, तीही पुरेना. जेठ महिन्याच्या कडक उन्हात हे शाल मागायचे.

खायला घालून भरून काढायचं, असं मी ठरवलं. तूपभात, बदामाचा शिरा, मलईचं दूध. सारखी वाटी घेऊन पुढ्यात उभी. एकदा यांनी तोंड फिरवलं तेव्हा मी ओरडले, "अहो, जगायचं नाहीये का तुम्हाला?"

यांनी मुकाट्यानं वाटी घेतली, सगळा शिरा संपवला आणि मोरीपर्यंत पोचायच्या आत ओकले. भिंतीला धरून म्हणाले, "तुझ्यासाठी खातो गं. पण आत ठरतच नाही."

हॉस्पिटलच्या पुढच्या तारखेला शेजाऱ्यांनी यांना खुर्चीत बसवून गल्लीतून रस्त्यापर्यंत नेलं. मी डॉक्टरबाईंना विचारलं, आणखी काय खायला घालू? त्या म्हणाल्या, "माताजी, कमी आपके खाने में नहीं है।"

मग त्यांनी समजावलं. याला कॅकेक्सिया म्हणतात, म्हणजे कॅन्सरमुळे शरीराची होणारी झीज. उपाशी माणसाचं शरीर चरबीवर भागवतं आणि स्नायू शक्यतो जपतं. इथे आजारच चरबी वितळवायला लावतो, स्नायूही झिजवतो. नुसतं जास्त खाऊन ते थांबत नाही.

उपाय थोडेच होते. ओलान्झापिन हे खरं मानसिक आजाराचं औषध, पण कमी मात्रेत मळमळ कमी करतं, भूक थोडी वाढवतं. स्टेरॉइडनंही भूक लागते, पण थोडेच दिवस. झीज रोखणाऱ्या नव्या औषधांच्या चाचण्या चालू आहेत. मी विचारलं, यांना मिळेल? त्यांनी मान हलवली. "इनके लिए देर हो चुकी है।"

ओलान्झापिननं मळमळ उतरली. अंग काही भरलं नाही. पण एका सकाळी हे आपणहून म्हणाले, "मेतकूट-भात करतेस?" चार घास खाल्ले आणि हात थांबला. पाचवा घ्या म्हणायला माझे ओठ उघडले होते. मी ताट उचललं आणि यांच्या पाठीला तेल चोळत बसले. बोटांना मणका न् मणका लागत होता. हे जुन्या विद्यार्थ्यांच्या चुका आठवून हसत होते.

दोन महिन्यांनी हे गेले.

तुमच्या घरी कुणी असं झिजत असेल, तर डॉक्टरांना लवकर विचारा. मी उशिरा विचारलं. आणि जेवत नाही म्हणून माणसावर रागावू नका. त्या दोन महिन्यांत आमचं ताटावरून एकदाही भांडण झालं नाही. डॉक्टरबाईंनी मला एवढं तरी दिलं.